मुंग्या मनगटातून की मानेतून? नर्व्ह कंडक्शन तपासणीविषयी अभिप्राय

गेल्या वर्षी उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत माझ्या उजव्या हाताला रात्री मुंग्या येऊ लागल्या. पहाटे तीनच्या सुमारास हात जड होऊन जाग यायची, पलंगाच्या कडेला बसून तो दोन-चार वेळा झटकला की बरे वाटायचे, आणि पुन्हा डोळा लागेपर्यंत उजाडायचे. आधी मानेचा एक्स-रे झाला. त्यात मणक्यांची झीज दिसली; पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या एक्स-रेत ती थोडीफार दिसतेच, हे मात्र कोणी सांगितले नाही, आणि मी चार महिने गळ्यात पट्टा बांधून वर्गात उभी राहिले. मुंग्या होत्या तशाच राहिल्या. त्यानंतर मला नर्व्ह कंडक्शन तपासणी, म्हणजे मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने वाहतो याची मोजणी, सुचवण्यात आली. मी ती दोन वेगवेगळ्या केंद्रांत करून घेतली, पुढे आईचीही करवून घेतली, आणि या तिन्ही वेळच्या अनुभवांवर हा अभिप्राय लिहीत आहे. केंद्रांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण या तपासणीचा कस यंत्रापेक्षा किंवा दारावरच्या पाटीपेक्षा ती करणाऱ्या माणसाच्या हातावर ठरतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. परिघीय चेतासंस्थेचा पाठ दरवर्षी येतो: मेंदूपासून निघणाऱ्या चेतांच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या, १२ जोड्या, मेरुरज्जूपासून निघणाऱ्या ३१ जोड्या, संवेदी चेता आत बातमी आणतात, प्रेरक चेता बाहेर हुकूम नेतात. मुले हे पाठ करतात आणि गुण मिळवतात. मात्र ही सगळी रचना म्हणजे रस्त्यांचा नकाशा आहे, आणि रस्ता कुठे अडला आहे हे शोधायचे असेल तर त्या नकाशावाचून गत्यंतर नाही, हे मला त्या तपासणीच्या टेबलावर हात ठेवून बसल्यावर जेवढे उमगले तेवढे इतक्या वर्षांच्या शिकवण्यात उमगले नव्हते.

आपल्याकडे 'नस' हा शब्द रक्तवाहिनीसाठीही वापरला जातो आणि चेतेसाठीही. त्यामुळे 'नसांची तपासणी' म्हटले की अनेकांना रक्त काढतील किंवा उपाशीपोटी जावे लागेल असे वाटते. यातले काहीही नसते. त्वचेवर चिकटपट्टीसारखे लहान इलेक्ट्रोड लावतात, चेता जिथे त्वचेच्या जवळून जाते तिथे विजेचा अत्यंत अल्पकाळ टिकणारा झटका देतात, तो काळ मिलिसेकंदाच्याही दहाव्या हिश्शाएवढा असू शकतो, आणि त्या झटक्याने उठलेला संदेश ठरावीक अंतरावर कधी पोहोचला व केवढा पोहोचला हे पडद्यावर टिपतात. झटका बसतो हे खरे. रबराची ताणलेली पट्टी सुटून लागावी तसा तो लागतो, बोटे आपोआप उडतात, आणि चार-पाच वेळा झाल्यावर त्याची सवय होते.

पहिल्या केंद्रात हे सगळे दहा मिनिटांत उरकले. बाहेर पावसाची झड होती, मी दुचाकीवरून भिजत आले होते आणि आत वातानुकूलन जोरात सुरू होते. कोणत्या बोटांना मुंग्या येतात, दिवसा येतात की रात्री, मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास आहे का, यापैकी एकही प्रश्न मला विचारला गेला नाही. हात टॉवेलने पुसला, इलेक्ट्रोड लावले, झटके दिले आणि संध्याकाळी अहवाल हाती आला. दोन्ही हातांच्या सर्व चेतांचा वेग कमी आहे, सर्वसाधारण चेताविकार संभवतो, असे त्यात लिहिले होते. त्या एका ओळीने आमच्या घरात आठवडाभर कोणाला जेवण गोड लागले नाही.

चूक कुठे झाली, ते दुसऱ्या केंद्रात गेल्यावर कळले. मिरजेतल्या त्या केंद्रात तंत्रज्ञ मुलीने सर्वांत आधी माझ्या तळहातावर एक छोटा तापमापक टेकवला आणि म्हणाली, "मॅडम, हात थंड आहेत. आधी शेकून घेऊ, घाई नको." कोमट पाण्याच्या पिशवीखाली हात दहा मिनिटे ठेवून, त्वचेचे तापमान ३२ अंशांच्या वर गेल्यावरच तिने काम सुरू केले. चेतेतून संदेश वाहतो तो तारेतल्या विजेसारखा नसून पेशीपटलावरची, सोडियमचे कण आत सोडणारी द्वारे एकामागून एक उघडत जाण्याने वाहतो, आणि ती द्वारे थंडीत हळू उघडझाप करतात. तापमान एका अंशाने उतरले की वेग सेकंदाला दीड ते अडीच मीटरने कमी होतो. हात चार-पाच अंशांनी गार असेल तर ठणठणीत माणसाचाही अहवाल बिघडलेला दिसू शकतो. म्हणून तपासणीला जाणाऱ्या प्रत्येकाला माझे पहिले सांगणे हे की, हातपाय गार असतील तर तसे स्पष्ट सांगावे आणि शेक मागून घ्यावा. त्या दिवशी अंगाला तेल, लोशन काहीही लावू नये. इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत.

नंतर डॉक्टर आले आणि त्यांनी यंत्राला हात लावण्यापूर्वी कापसाचा एक बोळा हातात घेतला. माझ्या उजव्या अनामिकेच्या मधल्या बोटाकडच्या कडेवरून त्यांनी तो हलकेच फिरवला, मग त्याच बोटाच्या करंगळीकडच्या कडेवरून फिरवला आणि विचारले, "बाई, दोन्हीकडे सारखेच लागते का?" सारखे नव्हते. एकाच बोटाची एक कड कागदाआडून शिवल्यासारखी बोथट आणि दुसरी स्वच्छ होती, आणि इतके महिने हा हात वापरत असूनही मला ते जाणवले नव्हते.

या एका खुणेत निम्मे निदान होते. मानेच्या खालच्या भागातून निघणाऱ्या चेता खांद्याजवळ एकमेकींत गुंफल्या जाऊन एक जाळे तयार करतात आणि त्या जाळ्यातून नव्याने जुळणी होऊन हाताच्या मुख्य चेता बाहेर पडतात. मीडियन चेता अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग सांभाळते, तर अल्नर चेता करंगळी आणि अनामिकेचा उरलेला अर्धा भाग सांभाळते. कोपर दाराला आपटल्यावर करंगळीपर्यंत जी झिणझिण जाते ती या अल्नर चेतेची. अनामिका अशी मधोमध वाटली गेली आहे ती जाळ्यानंतरच्या जुळणीत. मानेतून बाहेर पडणाऱ्या मुळांच्या पातळीवर ही वाटणी नसते. बोटाची एकच कड बधिर असेल तर अडथळा मानेच्या पुष्कळ खाली, मीडियन चेतेच्या वाटेत कुठेतरी असण्याची शक्यता दाट होते.

कुठेतरी म्हणजे नेमके कुठे, हे यंत्राने सांगितले. मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला हाडांची एक खोबण असते, तिच्यावर जाड बंधाचे छत असते, आणि त्या बोळातून बोटे मिटवणाऱ्या स्नायूंचे ९ कंडरे, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, आणि सोबत मीडियन चेता अशी दाटीवाटीने जातात. जागा तेवढीच आणि कंडरांभोवतीचे आवरण थोडे सुजले तर सर्वांत मऊ असलेली चेता चेपली जाते. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. झोपेत मनगट दुमडून राहिले की बोळातला दाब वाढतो, म्हणून त्रास रात्री अधिक होतो आणि हात झटकल्यावर बरे वाटते. स्त्रियांमध्ये, गरोदरपणात, मधुमेहात आणि थायरॉइड मंदावलेल्या माणसांत तो जास्त आढळतो.

तंत्रज्ञ मुलीने अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल उंचवट्यावर इलेक्ट्रोड लावून आधी मनगटावर झटका दिला, मग कोपराच्या आतल्या बाजूला दिला, आणि त्यानंतर शिंप्यासारखी टेप लावून दोन्ही खुणांमधले अंतर मोजले, तेही हात सरळ ठेवून आणि दोनदा. ते २१ सेंटिमीटर भरले. दोन संदेशांच्या पोहोचण्यात ३.९ मिलिसेकंदांचा फरक होता. भागाकार केला की सेकंदाला सुमारे ५४ मीटर हा वेग येतो, आणि हातासाठी ५० च्या वरचा वेग सर्वसाधारणपणे चांगला मानतात. एकाच ठिकाणी झटका देऊन वेग का काढत नाहीत, हे मी विचारले. चेतेच्या टोकाशी संदेश पोहोचल्यावर तिथे रसायन स्रवते, ते स्नायूला जागे करते, आणि या देवघेवीतही थोडा वेळ जातो. दोन ठिकाणांच्या वेळांची वजाबाकी केली की तो वेळ गळून पडतो आणि निव्वळ चेतेचा वेग हाती राहतो. ही युक्ती जुनी आहे. जर्मनीत हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञांनी १८५० मध्ये बेडकाच्या चेतेवर दोन ठिकाणी उद्दीपन देऊनच वेग मोजला होता, आणि तोपर्यंत हा वेग मोजता येण्यापलीकडचा आहे असे मानणाऱ्यांत खुद्द त्यांचे गुरू होते.

म्हणजे कोपर ते मनगट हा रस्ता उत्तम होता. पण मनगटापासून अंगठ्याच्या स्नायूपर्यंत, जेमतेम सात-आठ सेंटिमीटरच्या वाटेत, संदेशाला ५.४ मिलिसेकंद लागत होते, जिथे साडेचारच्या आत तो पोहोचायला हवा. नंतर अनामिकेला कड्यासारखे इलेक्ट्रोड घालून तिच्या दोन्ही वाटा तपासल्या गेल्या: सारखेच अंतर, सारखेच बोट, एकदा मीडियनमार्गे आणि एकदा अल्नरमार्गे. मीडियनमार्गे ४.१ आणि अल्नरमार्गे ३ मिलिसेकंद लागले. या दोन वाटांत अर्ध्या मिलिसेकंदाहून जास्त फरक नसावा, माझ्या हातात तो दुपटीहून अधिक होता. तुलनेसाठी स्वतःच्याच बोटाची दुसरी कड वापरली जाते, त्यामुळे वय, उंची, तापमान यांचा गोंधळ आपोआप टळतो. मला या तपासणीतला हा सर्वांत देखणा भाग वाटला.

मानेचे काय, हा प्रश्न उरत होता, आणि त्याचे उत्तर मला पाठ्यपुस्तकातल्या एका आकृतीने दिले, जी मी शेकडो वेळा फळ्यावर काढली आहे. मेरुरज्जूला प्रत्येक चेता दोन मुळांनी जोडलेली असते: पाठीकडच्या मुळातून संवेदना आत जातात, पोटाकडच्या मुळातून आज्ञा बाहेर येतात. संवेदी पेशींचे मुख्य शरीर मेरुरज्जूत नसते. ते पाठीकडच्या मुळावर, रज्जूच्या बाहेर, एका छोट्या गाठीत म्हणजे गुच्छिकेत असते. मानेत गादी सरकून मूळ चेपले जाते ते बहुधा या गाठीच्या आतल्या बाजूला. त्यामुळे गाठीपासून बोटापर्यंतचा धागा जिवंत आणि धडधाकट राहतो, माणसाला बोट बधिर लागत असले तरी यंत्रावर बोटाची संवेदी नोंद बिघडत नाही. माझी नोंद बिघडली होती, तीही फक्त मीडियनची. चार महिने बांधलेला मानेचा पट्टा त्या दुपारी निघाला.

डॉक्टरांनी नंतर एक बारीक सुई अंगठ्याच्या स्नायूत घालून त्याचा आवाज ऐकवला. या भागाला ईएमजी म्हणतात आणि तो झटक्यांपेक्षा अधिक दुखतो, हे आधीच सांगून ठेवते. निवांत असलेला निरोगी स्नायू पूर्ण शांत असतो. चेतेचा धागाच तुटून पडला असेल, तर पोरके झालेले स्नायुतंतू आपले आपण थरथरू लागतात आणि यंत्रातून पत्र्यावर थेंब पडल्यासारखा टपटप आवाज येतो. माझा स्नायू शांत होता. याचा अर्थ धाग्यांवरचे मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन चेपले गेले आहे, धागे शाबूत आहेत. हा फरक रुग्णासाठी फार मोलाचा आहे, कारण वेष्टन काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा भरून येते, पण तुटलेला धागा दिवसाला सुमारे एक मिलिमीटर एवढ्याच गतीने वाढत पुढे सरकतो. अहवालात वेग मंदावलेला असेल तर बहुधा वेष्टनाची इजा असते, आणि पडद्यावर उमटणाऱ्या संदेशाच्या लाटेची उंची घटलेली असेल तर धागे कमी झालेले असतात. दोन आकडे, दोन वेगळे अर्थ. आपला अहवाल हातात आल्यावर हे विचारून घ्यावे. अपघाताने हाताला इजा झालेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तुटलेल्या चेतेचा खालचा तुकडा काही दिवस संदेश वाहत राहतो आणि सुईवरच्या खुणा उमटायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे फार लवकर केलेली तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे सुरू असतील, तर तेही आधी सांगणे आवश्यक आहे.

जाता जाता डॉक्टरांनी दोन्ही कोपरांच्या मागच्या खोबणीत बोट फिरवून अल्नर चेता जाड झाली आहे का हे पाहिले आणि अंगावर कुठे फिकट, बधिर चट्टा आहे का, असेही विचारले. कुष्ठरोगाचे जंतू चेतेच्या वेष्टनातल्या पेशींतच घर करतात आणि कोपरासारख्या त्वचेलगतच्या, थोड्या गार जागा त्यांना मानवतात. आनंदवन ज्या राज्यात उभे राहिले त्या राज्यात हा प्रश्न विचारणारा डॉक्टर मला जबाबदार वाटतो. विचारल्याचा कोणी राग मानू नये.

आईच्या वेळी मात्र मला या तपासणीची मर्यादा कळली. आईला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि रात्री तिच्या तळव्यांची आग होते. मधुमेहात सर्वांत लांब चेतांना आधी झळ बसते, म्हणून त्रास पायांच्या बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवावा तसा वर चढतो. तिच्या दोन्ही पायांची, घोट्यामागून जाणाऱ्या सुरल चेतेसकट, तपासणी झाली. त्याच तंत्रज्ञ मुलीने तिला, "आजी, हा शेवटचा, आता झालंच," असे म्हणत इतक्या मायेने सांभाळले की आई घरी येऊन तिचेच कौतुक सांगत होती. अहवाल पूर्णपणे निर्दोष आला, आणि माझ्या भावाचा पहिला उद्गार होता की मग आईला काही झालेलेच नाही.

हा समज अनेक घरांत होत असणार. एकाच चेतेत जाड आणि बारीक असे हजारो धागे असतात. जाड, वेष्टन असलेले धागे स्पर्श, कंप आणि सांध्यांची स्थिती यांची बातमी नेतात आणि सेकंदाला ५० मीटरच्या आसपास धावतात. वेदना आणि उष्णता यांची बातमी नेणारे सर्वांत बारीक धागे उघडे असतात आणि सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे आपल्या चालण्याच्या वेगाने किंवा त्याहूनही हळू सरकतात. घाम, रक्तवाहिन्या, हृदयाचे ठोके आणि आतडी यांचा कारभार पाहणाऱ्या स्वायत्त चेतांचे धागेही असेच बारीक. नर्व्ह कंडक्शनच्या यंत्राला फक्त जाड धागे दिसतात. बारीक धागे जळत असतील, तरी पडद्यावर सगळे आलबेल असते.

डॉक्टरांनी हे तेवढ्यावर सोडले नाही, म्हणून मी या सेवेची मनापासून शिफारस करते. त्यांनी एक कंपन काटा वाजवून आईच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. थरथर तिला कळली. त्याच काट्याची थंडगार दांडी टेकवली. थंडपणा कळला नाही. टाचणीचे टोक घोट्याच्या वर टोचले तेव्हा तिने पाय मागे घेतला, बोटांवर टोचले तेव्हा ती शांतपणे माझ्याकडे पाहत राहिली. मग तिला झोपवून आणि उभे करून रक्तदाब मोजला, कारण उभे राहताच रक्तवाहिन्या आवळून धरण्याचे काम स्वायत्त चेतांचे असते आणि त्या थकल्या की माणसाला उठताना भोवळ येते. तिचा दाब उभे राहिल्यावर फारसा उतरला नाही. गरम पाण्याच्या टबात पाय बुडवायचे नाहीत, घरातही चप्पल घालायची, रोज रात्री तळवे उजेडात पाहायचे आणि ब जीवनसत्त्वातील बी-१२ ची पातळी तपासून घ्यायची, एवढ्या सूचना मिळाल्या. आम्ही शाकाहारी असल्यामुळे ही शेवटची सूचना विशेष लागू होती.

काही उणिवाही सांगायला हव्यात. वेळ मिळायला अकरा दिवस लागले. माझ्या दोन्ही हातांचे सुईसकट साडेतीन हजार रुपये झाले, आणि ज्यांचे पोट हातावर आहे अशा शिवणकाम किंवा विडीकाम करणाऱ्या बायकांना ते सहज परवडणारे नाहीत. हा त्रास मात्र त्यांच्यात पुष्कळ. अहवाल चार पानांचा, संपूर्ण इंग्रजीत आणि आकड्यांनी भरलेला असतो, त्यात कोणत्या चेतेची नोंद कोणत्या रकान्यात आहे हे मला विषय येत असूनही शोधावे लागले.

मी रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधून झोपू लागले आणि साधारण सहा आठवड्यांनी सलग झोप लागू लागली. शस्त्रक्रियेची गरज सध्या नाही. तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी झाली तेव्हा मनगटापासून अंगठ्याच्या स्नायूपर्यंतच्या ५.४ मिलिसेकंदांचे ४.८ झाले होते. त्या अहवालाच्या कोऱ्या पाठीवर डॉक्टरांनी निळ्या पेनाने एक हात काढून दिला आहे: मान, खांद्याजवळचे जाळे, कोपर, मनगटावर एक छोटी फुली, आणि अनामिकेच्या मधोमध एक रेघ. आईच्या अहवालामागे असेच एक पाऊल आहे, बोटांवर तिरप्या रेघा मारलेले. छापील पाने फाइलमध्ये आहेत. ही दोन चित्रे आईने स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी लावली आहेत, आणि रात्री तळवे दाखवायला बसताना रेघा मारलेली बोटे ती आधी पुढे करते.